‘बायो घेतलं आणि नीट नाही निघाली तर?’

दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे करिअरच्या सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. कोथरूडहून येवोत की हडपसरहून, धास्ती तीच: बायो घेतलं आणि नीट, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, नाही निघाली तर पोरीचं काय? अशाच एका मुलीची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील हिंजवडीला आयटीत. आई म्हणाली, “मॅडम, हिला अठ्ठ्याऐंशी टक्के. एवढ्यात कुठे डॉक्टर होतात? आणि डॉक्टर व्हायचं नाही तर बायो कशाला?” मुलगी एवढंच बोलली, “मला रक्त बघवत नाही.”

रक्ताचा विषय मी वाढवलाच नाही. आदल्या वर्षी तिच्या आजोबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. “तेव्हा त्यांच्या खाटेपाशी कोण कोण यायचं, आठव बरं.”

डॉक्टर. सिस्टर. मग थांबली. आई सांगायला लागली, तिला मी हातानंच थोपवलं. गप्प बसून वाट बघणं मला बरं जमतं.

“एक्स-रेवाले काका... आणि वॉकर घेऊन चालायला लावणारी ताई. आजोबा तिच्यावर जाम चिडायचे, पण ऐकायचे तिचंच.” जरा वेळानं तिनंच विचारलं, “ते शिकायला पण बायो लागतं?”

“त्या ताईच्या कामाला तर लागतंच.”

पुढच्या भेटीत कळलं, रक्त हे चारचौघांत सांगता येणारं कारण होतं. खरी भीती एका परीक्षेत कमी मार्क पडल्यावर घरातल्यांचे चेहरे कसे होतील, याची होती. परीक्षेपेक्षा तिच्याविषयीची समजूतच माणसाला जास्त छळते, असं मी मानते. त्यामुळे आधी समजूत तपासायची, मग फॉर्म भरायचा.

अकरावीला बायो घेणं म्हणजे एमबीबीएसचा बाँड लिहून देणं नव्हे. कॉलेजात सोय असेल तर गणित आणि बायो दोन्ही घेता येतात. मग एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) आणि पीसीबी (गणिताऐवजी बायो) असे दोन्ही गट देता येतात. बी.फार्म.ला, म्हणजे औषधनिर्माणाच्या पदवीला, तर यांपैकी कुठलाही गट चालतो. बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) यांना मात्र नीट लागतेच. लॅब, रेडिओलॉजी, फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री अशा व्यवसायांसाठी 2021 साली केंद्रानं स्वतंत्र कायदा केला. त्यांच्या प्रवेशाचे नियम बदलत असतात. शेजारच्या ताईचा अनुभव प्रमाण न मानता त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा.

दहावीनंतर व्यवसाय अभ्यासक्रमातून लॅब टेक्निशियन होण्याचीही वाट आहे, आणि ती कमी प्रतीची नाही. फक्त नीटचा विचार मनात असेल तर ती घेऊ नका. नीटसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायो लागतातच. आणि मुलीचं काहीच ठरलेलं नसताना इंटिग्रेटेड क्लासला, म्हणजे कॉलेज आणि प्रवेश परीक्षेची शिकवणी एकत्र असते तिथे, दोन वर्षांची फी आधीच भरून टाकणं मला तरी पटत नाही.

तिनं फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो असे चारही विषय घेतले. निघताना वडिलांनी विचारलं, “झेपतील ना हिला?” म्हटलं, विषय बदलायची मुदत कधीपर्यंत आहे, तेवढं प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजात विचारून ठेवा.