बाद झालास तरी तिथंच थांब

इकडे पर्थमध्ये हिवाळ्याचा पाऊस लागला की शाळांचे संघ मैदान सोडून जाळीत शिरतात. मागच्या अंकात मी शालेय इनडोअर क्रिकेट स्पर्धेबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रं येतच राहिली. मी ठाण्याला बावीस वर्षं पी.टी. शिकवली. गेली नऊ वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी इथल्या शाळांच्या सामन्यांना अंपायर म्हणून जाळीबाहेरच्या उंच खुर्चीत बसतो. तिथून जे दिसतं, त्याच्या आधारानं उत्तरं देतो आहे.

प्रश्न : सर, माझा मुलगा बारा वर्षांचा. शाळेच्या संघातून पहिल्यांदाच इनडोअर स्पर्धा खेळला. चार षटकांत तीनदा बाद झाला. त्याच्या जोडीच्या, म्हणजे तिसऱ्या जोडीच्या, धावा झाल्या उणे ३. संघ हरला. सामना संपल्यावर दुसऱ्या एका मुलाचे वडील सगळ्यांसमोर म्हणाले, "तीन-तीनदा बाद होणारा पोरगा संघात घेतातच कशाला?" गाडीत तो एक शब्द बोलला नाही. रात्री म्हणाला, माझं नाव काढ. समोरच्या संघाच्या तिसऱ्या जोडीच्याही उणे ८ झाल्या होत्या म्हणे, पण ते कोण लक्षात ठेवतं? काढू का नाव?
— एक आई, पॉइंट कुक, मेलबर्न

उत्तर : ताई, नाव काढू नका. आणि उणे ८ चं जे तुम्ही जाता जाता लिहिलंत, ते आज रात्री त्याला शेजारी बसवून सांगा. समोरच्यांच्या उणे ८ आणि यांच्या उणे ३, म्हणजे ती 'स्किन' तुमच्या मुलाच्या जोडीनं जिंकली! इनडोअरमध्ये पहिली जोडी पहिल्या जोडीशी लढते, तिसरी तिसरीशी. जिच्या धावा जास्त तिच्या संघाला गुण, मग सामना कोणीही जिंको. म्हणजे हरलेल्या सामन्यातही त्यानं संघाला गुण मिळवून दिला, आणि हे त्याला कोणी सांगितलंच नाही. याचं मला फार वाईट वाटलं.

हे मासिक पुण्या-नाशकातही वाचलं जातं, म्हणून खेळ थोडक्यात सांगतो. साधारण ३० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद जागा, चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी. संघात आठ जण. सोळा षटकं. दोघादोघांच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला चार षटकं. प्रत्येकानं दोन षटकं टाकायचीच. बाद झालात तर बाहेर जायचं नाही, पाच धावा वजा होतात आणि तुम्ही तिथंच उभे राहता. सलग दोन चेंडूंवर धावफलक हलला नाही, तर अंपायर मोठ्यानं 'थर्ड बॉल' म्हणतो आणि त्या चेंडूवरही काही झालं नाही तर पुन्हा पाच वजा.

हे तिथंच उभं राहणं नव्या मुलाला किती जड जातं ते मी दर हंगामात बघतो. यंदा एक मुलगा पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला. बॅट काखेत मारली, मान खाली घातली आणि सरळ जाळीच्या दाराकडे चालू लागला. दार म्हणजे जाळीचीच एक सैल पट्टी, ती बाजूला सारून आत-बाहेर करायचं. त्यानं पट्टीला हात घातला, तेवढ्यात त्याची जोडीदार, त्याच्याहून वीतभर उंच मुलगी, धावत आली आणि तिनं त्याचा शर्ट मागून धरला. काही बोलली नाही, नुसता ओढत क्रीजवर आणून उभा केला. पुढच्या चेंडूला त्यानं बॅट नुसती समोर धरली, चेंडू बाजूच्या जाळीला लागला, ती ओरडली "पळ!" आणि दोन धावा झाल्या. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग परत आलेला मी खुर्चीतून पाहिला.

मला या नियमाचं एवढं का वाटतं, तेही सांगतो. शाळेत असताना मी मुंबईच्या शाळांची हॅरिस शील्ड स्पर्धा खेळलो, पण अकरावा म्हणून. सकाळी आझाद मैदानावर तंबूत पॅड बांधायचे, संध्याकाळी सोडायचे. दोन हंगामांत माझ्या वाट्याला सात चेंडू आले. ते सातही मला आठवतात. पुढे शिक्षक झालो आणि माझ्या संघातल्या पोरांना मीही तसंच बसवलं. चौघं खेळत होते आणि बाकीचे टाळ्या वाजवत होते. १९८८ साली हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात सचिन आणि विनोद कांबळीनं ६६४ धावांची अभेद्य भागी केली, तिचा मुंबईकर म्हणून मला आजही अभिमान आहे. पण डाव २ बाद ७४८ वर घोषित झाला होता, म्हणजे त्याच संघातल्या सात मुलांच्या हाती बॅट आलीच नाही. त्या सात जणांचा विचार माझ्या मनात या जाळीबाहेर बसल्यावर आला, त्याआधी नाही. तुमच्या मुलाला त्या दिवशी चार षटकं खेळायला मिळाली, दोन षटकं टाकायला मिळाली. हे त्याच्याकडून काढून घेऊ नका.

आता कामाचं. त्याला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. फलंदाजाच्या बाजूच्या निम्म्या भागातल्या जाळीला चेंडू लागला की जाळीची एक धाव, आणि जोडीदारानं जागा बदलली की पळण्याची एक. झाल्या दोन. असे तीन चेंडू खेळले की सहा. बाद होऊन गेलेल्या पाच भरून निघाल्या, वर एक जमा. मोठा फटका नको, मनगट सैल ठेवून चेंडू जाळीपर्यंत नुसता पोचवायचा. गोलंदाजामागच्या जाळीवर थेट उंच मारला तर सहा आणि पळण्याची एक मिळून सात होतात हे खरं, आणि लहान मुलं त्या साताच्या नादातच झेल देतात. आणखी एक : बाजूच्या किंवा वरच्या जाळीला लागून आलेला चेंडू जमिनीवर पडायच्या आत पकडला तरी फलंदाज बाद. मैदानावरून आलेल्या मुलांना हे ठाऊक असूनही अंगवळणी पडायला महिना लागतो.

तो तीनदा कसा बाद झाला ते तुम्ही लिहिलं नाहीत. बारा वर्षांच्या मुलांत निम्मे बळी धावबाद असतात, असा माझा अनुभव आहे. समोरच्या फलंदाजाची रेघ साधारण निम्म्या खेळपट्टीवरच असते, त्यामुळे धाव इतकी जवळ वाटते की दोघंही न बोलता सुटतात. घराच्या पॅसेजमध्ये दोन चपला ठेवा, टेनिस बॉल भिंतीवर मारा आणि त्याला तीनच शब्द बोलू द्या : हो, नाही, थांब. रोज दहा मिनिटं, तुम्ही जोडीदार व्हा. आठवड्यात फरक दिसेल.

त्या वडिलांशी भांडू नका. मात्र संघाच्या शिक्षकांना भेटून एवढं सांगा की, सामना संपल्यावर चारही जोड्यांच्या स्किन मुलांसमोर मोठ्यानं वाचा. मी ज्या सामन्यांना असतो तिथं मीच वाचतो.

प्रश्न : इनडोअर खेळून मुलाची बॅट आडवी होते आहे. उन्हाळ्यात मैदानावर गेल्यावर त्रास होईल का?
— एक वडील, पर्थ

उत्तर : थोडा होईल, पंधरा दिवस. सप्टेंबरमध्ये पॅड बांधून लेदर बॉलवर नेटमध्ये उभा करा, बॅट सरळ होते. मनगट, नजर आणि चोरटी धाव तो जाळीतून सोबत नेईल. मैदानावर ते शिकवायला मला वर्षं लागायची.

प्रश्न : सर, आमच्याकडे जून ते सप्टेंबर मैदानावर पाय ठेवता येत नाही. शाळेला साठ फूट बाय तीस फुटांचा हॉल आहे. टर्फ आणि जाळीचा खर्च आम्हाला झेपणार नाही. आठवी-नववीच्या पोरांना असलं क्रिकेट खेळवता येईल का?
— एक क्रीडाशिक्षक, चिपळूण

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला. नक्की खेळवा. मुंबईनं पावसावर वेगळा तोडगा काढला, १९४८ पासून कांगा लीग भर पावसाळ्यातच खेळतात. पण ती मोठ्यांची स्पर्धा, आणि कोकणातल्या पावसापुढे तो मार्ग चालायचा नाही. पर्थच्या लोकांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी जाळी लावून खेळ आत आणला. तुम्ही तेच करा, फक्त तुमच्या सामानानं.

बावीस यार्ड म्हणजे सहासष्ट फूट, ते हॉलमध्ये बसत नाही. पंचेचाळीस फुटांची खेळपट्टी आखा, यष्ट्यांमागे पाच फूट आणि गोलंदाजाला दोन पावलं घेण्यापुरते दहा फूट ठेवा. चेंडू टेनिसचा. बाजूच्या भिंतींवर मध्यावर खडूनं उभी रेघ मारा. फलंदाजाकडच्या निम्म्या भिंतीला लागला तर एक, गोलंदाजाकडच्या निम्म्या भिंतीला लागला तर दोन. गोलंदाजामागच्या भिंतीला टप्पा पडून लागला तर चार, थेट लागला तर सहा. यष्टिरक्षकामागच्या भिंतीला शून्य. आणि पळून एक धाव काढल्याशिवाय यातलं काहीही मिळत नाही, हा नियम सोडू नका, खेळाचा जीव त्यातच आहे.

खिडक्या आणि दिवे यांच्यासाठी जाळी लागेल. हर्णै किंवा गुहागरकडे कोणी ओळखीचं असेल तर होडीवरून उतरलेलं जुनं मासेमारीचं जाळं मागा. टेनिस बॉल आरपार जाणार नाही इतकी बारीक भोकं असलेलं घ्या, दोन दिवस पावसात टांगून ठेवा म्हणजे वास जातो. पंखे खेळताना बंद. सगळ्यांत जास्त लक्ष फरशीकडे द्या. दाराशी कोरडी पोती टाका, ओल्या बुटांनी कोणालाही आत घेऊ नका. ओल्या बुटापेक्षा कोरडा अनवाणी पाय बरा.

वेळ सव्वा तास धरा, शाळा सुटल्यावर एक सामना सहज होतो. हल्ली आपल्या शहरांत बॉक्स क्रिकेट जोरात आहे, तुमची पोरं तसंच खेळू म्हणतील. चांगला खेळाडूच सगळा वेळ बॅटिंग करतो असं मात्र होऊ देऊ नका. जोड्या, चार षटकं, प्रत्येकाची दोन षटकं, हे जसंच्या तसं ठेवा. आणि जोड्या लावताना सगळ्यांत तरबेज मुलाबरोबर सगळ्यांत कच्चा मुलगा द्या. मुलींनाही घ्या, आठांत निदान तीन.

प्रश्न : आजोबा, मी तेरा वर्षांची आहे. शाळेच्या मॅचमध्ये मी बॉल टाकायच्या आधीच माझ्या बाजूला रन घ्यायला उभी असलेली मुलगी क्रीज सोडून पुढे गेली, म्हणून मी स्टम्प उडवले. अंपायरने आऊट दिलं, तिचे पाच रन गेले. ती माझी बेस्ट फ्रेंड आहे, दुसऱ्या टीममधून खेळते. आता ती म्हणते मी चीटिंग केलं. केलं का?
— पर्थ

उत्तर : नाही बाळा, तू लबाडी केली नाहीस. पुढे पळण्याचा फायदा ती घेत होती, तू तो थांबवलास. इनडोअरच्या नियमांत हा बाद होण्याचा सरळ प्रकार आहे, आणि त्याला जे नाव आहे ते आपल्या भारतीय संघातल्या विनू मंकड यांचं. १९४७ च्या डिसेंबरमध्ये सिडनी कसोटीत त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला असं धावबाद केलं. त्याआधी त्याच दौऱ्यातल्या एका सामन्यात मंकड यांनी ब्राऊनला आधी ताकीद दिली आणि मग बाद केलं होतं. इथल्या वर्तमानपत्रांत ओरड झाली, पण ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ब्रॅडमन यानं मंकड यांचीच बाजू घेतली. मोठ्यांच्या क्रिकेटमध्येही २०२२ च्या ऑक्टोबरपासून हा प्रकार 'अयोग्य खेळ' या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात घातला आहे. मंकड यांचं नाव इतकी वर्षं दोष दिल्यासारखं घेतलं गेलं, याचा मला राग येतो.

पण तुझा प्रश्न नियमाचा नाहीच, मैत्रिणीचा आहे. तिला मंकड यांची गोष्ट सांगायला जाऊ नकोस, आत्ता ती ऐकणार नाही. शनिवारी तिला बोलाव, अंगणात खडूनं रेघ मार. तू बॉल टाक, ती रेघेवर उभी राहील. हातातून चेंडू सुटेपर्यंत बॅटचं टोक रेघेच्या आत ठेवायचं आणि सुटला रे सुटला की पळायचं. वीस वेळा करा. मग जागा बदला, तू रेघेवर, ती गोलंदाज. तू एकदा तरी लवकर निघशीलच, तेव्हा तिला स्टम्प उडवू दे.