विचारा की! : घटातलं धान आणि नवरोजचं हिरवं ताट

प्रश्न : नमस्कार सर. मी शिवाजी पेठेत राहते, एम.ए. करतेय. इराणी नवरोजचा (त्यांच्या नव्या वर्षाच्या सणाचा) एक व्हिडिओ बघितला, त्यात टेबलावर ताटलीत गहू उगवून ठेवलेले, डिट्टो आमच्या नवरात्रातल्या घटासारखे. फॅमिली ग्रुपवर टाकला तर मामा म्हणाले हे आपल्याकडून तिकडं गेलं, दादा म्हणतो तिकडून इकडं आलं. अभ्यासक काय म्हणतात?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : प्रश्न फार आवडला, कारण याच्यावर अभ्यासक शंभरपेक्षा जास्त वर्षं भांडत आलेत.

मामा आणि दादा दोघंही एक गोष्ट धरूनच चाललेत, की सारखं दिसतंय म्हणजे कुणीतरी कुणाकडून तरी घेतलंच असणार. तसं काही नसतं हो. गहू, जोंधळा, जव ओल्या मातीत टाकला की आठ-दहा दिवसांत वीतभर वर येतो, जगात कुठंही. त्यामुळं जिथं माणूस धान्य पिकवतो तिथं सणाच्या दिवसांत ते घरात उगवून ठेवायचं कुणालाही सुचू शकतं, आणि सुचलंयच. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी बशीत गहू घालतात आणि ख्रिसमसला टेबलावर मांडतात, छान उगवला तर वर्ष चांगलं जाणार म्हणतात. क्रोएशियात हेच १३ डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी. आणि १९२२ मध्ये इजिप्तच्या तुतनखामेन राजाचं थडगं सापडलं ना, त्यात ओसायरिस या मृतांच्या देवाच्या आकाराची लाकडी चौकट होती, आत नाईलचा गाळ भरून धान्य पेरलेलं.

घेतलंय असं म्हणायचं तर मधले टप्पे दाखवावे लागतात, कुठल्या काळात, कुठल्या वाटेनं, कुणाच्या हातून. कधीकधी ते दाखवताही येतात. ग्रीसमधली अडोनिसची, म्हणजे ऐन तारुण्यात मेलेल्या एका देवाची, पूजा घ्या, ती पूर्वेकडून, आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्याकडून आली हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. तुमच्या ग्रुपवर अजून असा एकही टप्पा कुणी टाकलेला दिसत नाही.

आता अडोनिसचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू, कारण खरी गंमत इथंच आहे. अथेन्समधल्या बायका ऐन उन्हाळ्यात फुटक्या मडक्यांत बडीशेप, लेट्यूस असलं झटपट उगवणारं बी पेरायच्या, मडकी गच्चीवर न्यायच्या, आणि ती रोपं सुकली की अडोनिसचा शोक करत पाण्यात सोडून द्यायच्या. जेम्स फ्रेझर या ब्रिटिश अभ्यासकानं (त्याचा मोठा ग्रंथ १८९० पासून यायला लागला) जगभरच्या असल्या प्रथा केंब्रिजमध्ये बसून गोळा केल्या आणि सांगितलं की ही सगळी पीक चांगलं यावं म्हणून केलेली जादू. बरीच वर्षं लोकांनी ते मानलं. मग १९७२ मध्ये मार्सेल देतिएन या ग्रीक पुराणांच्या अभ्यासकानं ते उलटंच केलं. त्याचं म्हणणं, ही मडक्यातली बाग खऱ्या शेतीच्या बरोब्बर विरुद्ध आहे, भराभर येते, मुळं धरत नाही, दाणा देत नाही. आणि प्लेटोनंही लिहून ठेवलंय की शहाणा शेतकरी आपलं जपून ठेवलेलं बी असल्या आठ दिवसांच्या बागेत घालणार नाही.

म्हणून मी म्हणतो, उगवण्याकडं बघू नका, ते रोप शेवटी जातं कुठं ते बघा. आपल्याकडं दसऱ्याला घट उठले की तेच धान देवाला वाहतात, टोपीत-फेट्यात खोवतात, आपट्याचं सोनं देतात-घेतात. इराणात तेराव्या दिवशी अख्खं घर बाहेर पडतं आणि ते हिरवं वाहत्या पाण्यात सोडतं, त्याआधी लग्नाच्या मुली त्याच्या पात्यांना गाठी मारून इच्छा मागतात. तुतनखामेनचं धान्य तर मेलेल्या राजाबरोबर अंधारात बंद झालं. मातीत बी घालणं सगळीकडं सेम, पण एकजण ते डोक्यावर मिरवतो, एकजण नदीला देतो, एकजण मेलेल्याला. या तिघांना एकच सण म्हणणं मला पटत नाही.

आणखी एक ऐकायला मिळतं, की घट म्हणजे पूर्वजांनी रब्बीचं बियाणं टेस्ट करायची काढलेली युक्ती. थोडं खरं आहे त्यात, कुठलं धान जोमात आलंय हे शेतकऱ्याच्या घरी अजून बघतातच. पण ज्यांची गुंठाभर पण जमीन उरली नाही ते फ्लॅटमध्ये माती विकत आणून घट बसवतात, नऊ दिवस उपास करतात, रोज माळ सोडतात, त्याचं उत्तर बियाणं टेस्ट करण्यात मिळत नाही.

प्रश्न : मग यावर छोटा प्रोजेक्ट करायचा असेल तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुमच्याच गल्लीतून. दहा घरं ठरवा आणि सगळीकडं एकच विचारा : माती कुठली आणता, पाच धान्यं की सात की नऊ, पेरतं कोण, पाणी कोण घालतं, कडाकण्या कधी बांधता, घट कोण हलवतं, दसऱ्यानंतर ती माती आणि उरलेलं धान जातं कुठं. म्हाताऱ्या बायकांशी आधी बोला आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवा, तुमच्या एम.ए.च्या भाषेत नको. एका घरातली सासू एक सांगेल नि सून दुसरंच, तर दोन्ही लिहा, त्यातलं बरोबर कुठलं ते ठरवत बसू नका. दहात एखाद-दुसरं घर घट बसवत नसेल किंवा यंदा सुतकामुळं बसवला नसेल, ते गाळू नका, तिथंही जाऊन का नाही ते विचारून घ्या.