आधी कागद ओळखा, मग शाई सोडा

प्र. शाईनं चित्रं काढायला बेळगावच्या गणपत गल्लीतून ग्लॉसी फोटो पेपर आणला. मैत्रिणीच्या कागदावर शाई छान ओघळते, माझ्या कागदावर थेंब पडल्या जागी रुतून बसतो. शाई तीच, ब्रश तोच. चुकतंय कुठे? (खानापूर)

उ. तुमचं काही चुकत नाही, कागदाची जात वेगळी आहे. इंकजेट फोटो पेपरच्या चकचकीत बाजूवर लेप असतो. काही कागदांवर तो सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाच्या अतिबारीक कणांचा असतो. कणांमधल्या पोकळ्या शाई क्षणात ओढून घेतात. प्रिंटरसाठी हा गुणच, पण आपल्याला शाई वाहायला हवी असते. दुसऱ्या जातीचा लेप जिलेटिनसारखा, पाण्यानं फुगणारा. त्यावर शाई बराच वेळ ओली राहते आणि रंग एकमेकांत शिरतात. तुमच्या मैत्रिणीकडे बहुधा हा असणार. पारख सोपी आहे: ओलं बोट कोपऱ्याला टेकवा. चिकट लागलं तर फुगणारा, ओल झटकन गडप झाली तर सच्छिद्र. पाकिटावर ‘इन्स्टंट ड्राय’ छापलेलं दिसलं की ओघळांसाठी मी तो कागद घेतच नाही.

आणलेलं पाकीट मात्र वाया घालवू नका. कागद आधी सपाट ब्रशनं पाण्यानं भिजवला की पोकळ्या भरतात आणि शाई थोडी तरी सरकते. नाहीतर त्याच्या हट्टाचाच फायदा घ्या: ठिपके, कोरड्या ब्रशचे फटकारे, धारदार कडा. तिथे हा कागद फार देखणा वागतो.

प्र. फाउंटन पेनची शाई वापरावी की वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक? (निपाणी, कलाशिक्षिका)

उ. मजा पेनच्या शाईत आहे. बऱ्याच काळ्या शाया दोन-तीन रंग मिसळून केलेल्या असतात. ओल्या डागावर पाण्याचा थेंब सोडला की कडेला निळसर, कुठे तांबूस झाक सुटते. पण हे विरघळणारे रंग उन्हात उडतात. काळ्या ड्रॉइंग इंकमधला कार्बन उडत नाही. मात्र त्या शाईत लाख (शेलॅक) असेल आणि ती गुळगुळीत कागदावर जाड बसली, तर पापुद्रा सुटतो, पातळच लावा. मी चित्राचा सांगाडा कार्बनच्या शाईत बांधते आणि खेळ पेनच्या शाईवर सोडते. मुलांना दोन्ही शाया लावलेली कागदाची एक पट्टी अर्धी झाकून वैशाखात पश्चिमेच्या खिडकीत ठेवायला सांगा. व्याख्यानाची गरज उरणार नाही.

प्र. बंद पडलेल्या स्टुडिओतून जुन्या ब्रोमाइड पेपरचा (डार्करूममध्ये कृष्णधवल फोटो छापायच्या कागदाचा) डबा मिळाला. त्यावर शाई चालेल? (बेळगाव, शहापूर)

उ. चालेल काय, धावेल! त्याच्यावर खरं जिलेटिन असतं. पूर्वी स्टुडिओवाले कृष्णधवल फोटोंवर पाण्यातले रंग चढवत, ते याच थरात मुरत. उजेडात हा कागद हळूहळू जांभळट-करडा होतो. ते नको असेल तर आधी हायपोमध्ये (फोटो पक्का करायच्या रसायनात, म्हणजे फिक्सरमध्ये) बुडवा, मग धुवा: प्लास्टिकचा थर असलेला कागद चार-पाच मिनिटं, साधा जाड कागद तासभर तरी. वाहतं पाणी हवं. ओलं जिलेटिन नखानंही खरवडतं, तेव्हा कागद कडेनं धरा, आणि सुकताना एकावर एक ठेवू नका, चिकटतात. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. ते विहिरीजवळ, परसात ओतू नका. हायपोसाठी हातमोजे घाला.

बेल्जियमचे पिएर कॉर्दिए १९५६ पासून याच कागदावर, कॅमेऱ्याविना, नेलपॉलिश आणि डेव्हलपर (कागद काळा करणारं रसायन) व फिक्सरनं चित्रं करत. शाईला सरावलात की तिकडेही वळून बघा.

प्र. पावसाळ्यात चित्र फ्रेमच्या काचेला चिकटलं. (खानापूर)

उ. तुमच्याकडच्या पावसात जिलेटिन ओल धरतं, चिकटणारच. काच आणि चित्र यांच्यामध्ये जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घाला. चिकटलेलं ओढू नका. जून ते सप्टेंबर फ्रेमिंग टाळलेलं बरं.

प्र. प्रदर्शनात लोक ‘हे प्रिंटआउट आहे’ म्हणतात. काय सांगू? (चिकोडी)

उ. भिंग द्या हातात. इंकजेट प्रिंटमध्ये रंगाचे बारीक ठिपके दिसतात, तुमच्या चित्रात सलग ओघळ दिसेल. कागद तिरका धरला की वाळलेल्या शाईची कडही चकाकते. शेजारच्या चिठ्ठीवर ‘फोटो पेपरवर शाई, एकच प्रत’ असं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहा. आपल्याकडचा प्रेक्षक दोन्ही वाचतो. त्या चित्राचे स्कॅन करून प्रिंट विकणार असाल, तर ते प्रिंट आहेत हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहा आणि किंमतही वेगळी ठेवा.