सुट्टीवरचा शांत गेम हवा असेल तर

कामावरून आल्यावर खेळता येईल असा, मारामारी आणि घाई नसलेला गेम आपण विचारला आहे आणि शिनचॅनच्या उन्हाळी सुट्टीवरचा गेम घ्यावा का, असेही विचारले आहे. अवश्य घ्यावा, मात्र तो ज्या जुन्या गेमच्या वळणावर गेला आहे, तो आधी सांगतो.

जपानी गेमकार काझ आयाबे यांनी २००० साली प्लेस्टेशन या गेमयंत्रासाठी ‘बोकू नो नात्सुयासुमी’, म्हणजे ‘माझी उन्हाळी सुट्टी’, हा गेम केला. साल १९७५, महिना ऑगस्ट. आईचे दिवस भरत आलेले असल्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाला महिनाभर गावाकडे नातेवाइकांच्या घरी पाठवले आहे, एवढेच कथानक. जाळे घेऊन किडे पकडायचे, गळ टाकून बसायचे, शिंगवाल्या भुंगेऱ्यांची झुंज लावायची, सर्वांबरोबर जेवायचे आणि झोपण्यापूर्वी दिवसभराची सचित्र रोजनिशी पाहायची. खरी करामत वेळेच्या हिशेबात आहे. भटकताना एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात गेल्यावरच घड्याळ पुढे सरकते, त्यामुळे एकाच जागी कितीही वेळ उभे राहून किड्यांची किरकिर ऐकली, तरी दुपार ढळत नाही. तरीही ३१ ऑगस्टला सुट्टी संपतेच, आणि मला ही मर्यादा फार मोलाची वाटते, कारण आज नदीवर जायचे की रानात, हा विचार तिच्यामुळेच मनापासून केला जातो.

शिनचॅनचा गेमही आयाबे यांचाच आहे. तो जपानमध्ये २०२१ साली आणि इंग्रजीतून २०२२ साली आला. शिनचॅनचे नोहारा कुटुंब जपानच्या क्युशू बेटावरील कुमामोतो भागात आठवडाभर राहायला जाते आणि एका विक्षिप्त प्राध्यापकामुळे तोच आठवडा पुन्हा पुन्हा सुरू होतो. किडे आणि मासे येथेही आहेतच, शिवाय गावच्या वर्तमानपत्रासाठी बातम्या जमवायच्या असतात. शिनचॅन आपल्याकडच्या मुलांना हिंदी वाहिन्यांमुळे घरचाच वाटतो, म्हणून घरात लहान मूल असेल तर हाच गेम घ्यावा; फक्त संवाद जपानी आणि मजकूर इंग्रजी असल्यामुळे तो आपल्याला मराठीत सांगत बसावे लागेल, आणि त्यातही मजा आहे.

आयाबे यांचाच ‘नात्सु-मॉन’ २०२४ साली इंग्रजीत आला. त्यात १९९९ सालचा ऑगस्ट असून भिंती, झाडे, छपरे यांवर मनसोक्त चढता येते. मोकळे हिंडणे आवडत असेल तर तो उत्तम आहे, पण निव्वळ विसाव्यासाठी मी शिनचॅनलाच पसंती देईन. दोन्ही गेम निन्टेन्डो स्विच या गेमयंत्रावर आणि संगणकासाठी स्टीम या ऑनलाइन दुकानात मिळतात. कोणताही घेतलात तरी एका बैठकीत गेममधला एकच दिवस खेळावा आणि रोजनिशीचे पान आले की थांबावे.