बोटीवर कायमचं राहायला जातोय. आतली जमीन कसली करावी आणि नांगर कोणता घ्यावा?

तुमच्या प्रश्नातला तपशील आधी मांडतो, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे ते कळेल. साधारण ११ मीटरची, सात-आठ टनांची फायबरग्लासची शिडाची बोट. दोघं जण बारा महिने राहणार. आत जुना चिकटवलेला गालिचा आहे, त्याला वास मारतो, आणि त्या जागी घरात घालतात तशी क्लिकची लॅमिनेट जमीन घालायचा विचार आहे. पुढे जुना १५ किलोचा फाळाच्या आकाराचा नांगर आणि २० मीटर साखळी आहे. पैसे दोन्हीकडे पुरणार नाहीत, तर कुठे घालावेत?

नांगरात. जमीन स्वस्तात करा, आणि हे मी जमिनीला कमी लेखून सांगत नाही. स्वस्त आणि पातळ जमीनच बोटीला जास्त मानवते.

लॅमिनेटचा नाद सोडा. त्याचा गाभा दाबलेल्या लाकडी भुश्शाचा असतो. वरचा थर पाणी अडवतो, पण कापलेली कड अडवत नाही, आणि बोटीत कड सगळीकडेच असते. बिल्जवरचं, म्हणजे पाणी साठतं त्या बोटीच्या तळावरचं झाकण, टाकीवरचं झाकण, कीलचे (बोटीखालच्या जड कण्याचे) बोल्ट तपासायची जागा, पाण्याचे कॉक. प्रत्येक झाकण म्हणजे चार कापलेल्या कडा. त्या फुगल्या की झाकण आपल्या जागेत घट्ट बसतं, आणि पाणी आत येत असताना ते निघत नाही. शिवाय क्लिकच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून सलग अंथरायच्या असतात, कडेला प्रसरणासाठी फट सोडून. इथे सलग असा भागच नाही. बोटीच्या जमिनीकडून माझी पहिली अपेक्षा हीच, की कुठलाही भाग अंधारात, एका हाताने, हत्यार न घेता उचलता यावा.

मग काय करायचं? आधी गालिचा काढा, त्याखालचा गोंद खरवडा आणि खालचं प्लायवूड टोकदार हत्याराने टोचून बघा. घट्ट असेल तर ठेवा. मऊ लागलं तर तेवढे तुकडे नव्या १२ मिलिमीटर मरीन प्लायवूडचे करा. बीएस १०८८ या ब्रिटिश मानकाचा शिक्का असलेलं मिळालं तर उत्तम. महत्त्वाचं काम पुढे आहे. प्रत्येक तुकड्याला सहाही बाजूंनी इपॉक्सी (पाणी अडवणारी राळ) लावायचं, कडांना दोन-तीन हात जास्त. लोक वरची बाजू चकचकीत करतात आणि खालची कोरी ठेवतात, आणि प्लायवूड नेमकं खालून कुजतं, कारण बिल्जची दमट हवा रात्रंदिवस खालूनच लागत असते. तुकड्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा. इपॉक्सीचाही थर चढतो हे कापतानाच धरा.

वर अडीच मिलिमीटरची, चिकटवायची व्हिनाइलची पट्टी पुरे. दगडासारखा कडक गाभा असलेल्या पाच मिलिमीटरच्या पट्ट्या हल्ली फार खपतात, पण त्या चौरस मीटरला दहा किलोच्या आसपास जातात. आठ-नऊ चौरस मीटरची जमीन म्हणजे ऐंशी-नव्वद किलो नुसते पायाखाली. तेवढ्या वजनात ८ मिलिमीटरची साठ मीटर साखळी येते. व्हिनाइलवर रबरी पाठीची पायपुसणी टाकू नका, पिवळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. लाकूडच आवडत असेल तर सागाचा पातळ थर दिलेलं प्लायवूड सुंदर दिसतं, फक्त त्यावर चकाकी नसलेलं वॉर्निश लावा. आरशासारख्या जमिनीवर ओल्या पायांनी, बोट कललेली असताना चालून बघितलं की हौस फिटते.

गालिचा पुन्हा चिकटवायचा विचार मनात असेल तर तोही काढून टाका. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे एकदा समुद्राचं पाणी मुरलेला गालिचा पूर्ण वाळत नाही. धुता येईल अशी छोटी सतरंजी चालेल, खालून न घसरणारी. जमिनीच्या तुकड्यांना खिट्ट्या मात्र लावाच, निदान ज्यांच्याखाली बॅटऱ्या आहेत त्यांना. बोट आडवी झाली तर सुटी फळी आणि सुटी बॅटरी दोन्ही अंगावर येतात. वरच्या डेकबद्दल एकच सांगतो. गाभ्यात बाल्सा (हलकं, मऊ लाकूड) असलेल्या डेकमध्ये सजावटीसाठी स्क्रू मारू नका. खरखरीत रंग द्या, फिका.

आता नांगर. तुमच्याकडे आहे तो सांध्यावर हलणारा फाळ असेल, तर त्या घराण्याची सुरुवात सीक्यूआर नावाच्या नांगरापासून होते. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी तो १९३३ च्या सुमारास काढला, तोही पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी, कारण त्यांना हलका आणि तरी घट्ट धरणारा नांगर हवा होता. त्या काळात ती मोठी उडी होती. पण कडक वाळूत तो बऱ्याचदा आडवा पडून लांबवर खरडत जातो. नंतरच्या पिढीचे नांगर, म्हणजे स्पेड, रॉकना, मँटस या जातीचे, खोलगट पात्याचे आणि धारदार टोकाचे असतात. टोकावर भार किंवा वर कमान असल्याने ते सुलटे होतात आणि थोड्या अंतरात रुततात. वारा फिरला तर बहुधा निघून न येता वळतात, निघालेच तर पुन्हा रुततात. कायम बोटीवर राहणाऱ्याला हे शेवटचं सर्वात मोलाचं, कारण वारा फिरतो तो बहुतेक तुम्ही झोपलेले असताना. तुमच्या बोटीला अशा जातीचा २० किलोचा घ्या. २५ पुढच्या, नांगर टेकवायच्या रोलरवर बसत असेल तर २५.

नांगरापेक्षा २० मीटर साखळीची मला जास्त काळजी वाटते. हिशोब करू. पाणी ५ मीटर खोल, भरतीने अजून २ मीटर चढणार, आणि बोटीचा रोलर पाण्यापासून दीड मीटर वर. एकूण साडेआठ. साखळी त्याच्या पाचपट सोडायची तर साडेबेचाळीस मीटर, सातपट तर जवळपास साठ. खोली मोजताना ती दीड मीटर उंची आणि भरती विसरली जाते आणि पाचपट समजून सोडलेली साखळी प्रत्यक्षात तिप्पट असते. साखळी पूर्ण ताणली गेली, की पाचपटीला ती नांगराला साडेअकरा अंशाच्या कोनात ओढते, तिपटीला साडेएकोणीस अंशात. नांगर आडव्या ओढीने रुततो आणि वरच्या ओढीने निघतो, त्यामुळे हा फरक थोडा नाही.

‘जड साखळी तळाशी पडून राहते, तीच झटके सोसते’ असं तुम्हाला बरेच जण सांगतील. मंद वाऱ्यात खरं आहे. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १५ नॉटचे ३० नॉट झाले की ओढ चौपट, आणि उथळ पाण्यात तेव्हा साखळी तळावरून उठलेली असते. त्यापुढे लोखंड ताणत नाही, झटके थेट बोटीवर आणि नांगरावर बसतात. ते सोसायला नायलॉनचा स्नबर लागतो: १२ मिलिमीटरचा तीन पिळांचा दोर, आठ-दहा मीटर, साखळीला हुकाने किंवा गाठीने अडकवून पुढच्या खुंट्याला बांधलेला, आणि घासण्याच्या जागी जुन्या पाइपचा तुकडा घातलेला. पॉलिस्टर नको, ते फार कमी ताणतं. विंडलासवर भार ठेवून झोपू नका. ते साखळी ओढायला आहे, बोट धरायला नाही.

म्हणून जाड साखळीपेक्षा लांब साखळी घ्या. गॅल्व्हनाइज्ड, ग्रेड ४० (ताकदीची प्रत) ची ८ मिलिमीटर साखळी तुमच्या बोटीला पुरते आणि ती मीटरला दीड किलोच्या जरा आत भरते. १० मिलिमीटरची सव्वादोनच्या पुढे जाते. साठ मीटरमध्ये हा फरक पन्नास किलोच्या घरात आहे, तोही बोटीच्या अगदी टोकाला, जिथे प्रत्येक किलो लाटेत नाक खाली घालतो. चकचकीत स्टीलचे स्विव्हल, म्हणजे नांगर आणि साखळीमधले फिरते जोड, मला आवडत नाहीत, बाजूने ओढ आली की तेच आधी वाकतात. साधी, मापाची, शिक्का असलेली शॅकल (पिनने बंद होणारी कडी), तिची पिन तारेने बांधलेली, बस. साखळीचं आतलं टोक बोटीला शॅकलने न जोडता दोराने बांधा, आणि तो दोर डेकवर येईल इतका लांब ठेवा, म्हणजे वेळ आली तर चाकूने कापून निघता येतं.

दुसरा नांगर लागतोच. इथे अॅल्युमिनियमचा, सपाट पात्यांचा फोर्ट्रेस चांगला. सुटा करून लॉकरमध्ये राहतो, छोट्या होडीतून हाताने नेता येतो, आणि पात्यांचा कोन ३२ अंशांवरून ४५ वर करता येत असल्याने मऊ चिखलात भारी धरतो. मुख्य नांगर म्हणून मात्र नको. वारा उलटला की तो निघू शकतो, आणि पात्यांत दगड किंवा गवत अडकलं तर पुन्हा रुतत नाही. तुमचा जुना १५ किलोचा विकायची घाई नको, तिसरा म्हणून तळात पडू द्या.

साखळी मागवण्याआधी विंडलासचं दातेरी चाक उघडून त्यावरचा आकडा बघा. ८ मिलिमीटरला डीआयएन (जर्मन) आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय) दोन्ही मापांत कडीची लांबी २४ मिलिमीटरच असते, पण १० मिलिमीटरला डीआयएनमध्ये २८ आणि आयएसओमध्ये ३०. चाक १० चं निघालं तर आकडा इथे लिहा, मग चाक बदलायचं की साखळी ते बघू.