घरातला कोबा घासायला ग्राइंडर कोणता घ्यावा, चार इंची की सात इंची?

१२ बाय १५ ची खोली, कोबा खडबडीत, घरीच घासायचाय आणि घरचे म्हणतायत "फोडून टाइल्स टाका", असं तुम्ही लिहिलंय. ग्राइंडर पाच इंची घ्या, स्पीड कमी-जास्त करता येणारा. सात इंची हातातून उसळला की पाय वाचवावा की जमीन, हेच कळत नाही. चार इंचीची अडचण ताकदीपेक्षा आट्यांची जास्त. त्याची दांडी एम-१०, म्हणजे दहा मिलिमीटर जाड आट्यांची, आणि बरेचसे कप व्हील (हिऱ्याचे तुकडे बसवलेली, घासायची वाटीसारखी चाकं) एम-१४. मधे जोड बसवला तर व्हील लंगडतं आणि कोब्यावर चंद्रकोरी उठतात.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या घरच्यांच्या वाक्यामुळं. ते वाक्य मी चार वर्षं ऐकतोय.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. खाली आप्पांचे चार माग होते, टॉवेलचे. माग भंगारात गेल्यावर त्या शेडची राहायची खोली करायची ठरली, आणि दादा पहिल्याच दिवशी म्हणाला, फोडू. मी म्हटलं, हा कोबा आप्पांनी गवंड्याबरोबर उकिडवं बसून स्वतः थापी मारून केलेला आहे. मागाचा हादरा सोसायचा म्हणून माल चांगलाच कडक ठेवलेला. फोडायचा कशाला?

मी दुकानात जाऊन "सिमेंटचं कप व्हील द्या" म्हणालो, त्यानं दिलं ते घेऊन आलो. अर्ध्या तासात काम थांबलं. व्हील फिरतंय, आवाज येतोय, पावडर मात्र नाही. हात लावून बघितला तर हिऱ्याचे तुकडे काचेसारखे गुळगुळीत झालेले. तेव्हा कळलं की हिशोब उलटा असतो: जमीन कडक असेल तर व्हीलचा बाँड, म्हणजे हिरे धरून ठेवणारा धातू, मऊ लागतो, तो झिजत जातो आणि नवा हिरा वर येत राहतो. जमीन मऊ, वाळू सुटणारी असेल तर कडक बाँड, नाहीतर व्हील दोन दिवसांत संपतं. खिळ्यानं ओरखडा मारून बघा. खोल गेला तर मऊ, नुसती रेघ उमटली तर कडक. गुळगुळीत झालेलं व्हील टाकू नका, सिमेंटच्या खरबरीत ब्लॉकवर मिनिटभर फिरवा, उघडतं. आधी ३० नंबरचं डबल रो (हिऱ्याच्या तुकड्यांच्या दोन रांगांचं), मग ६०, मग वाटलं तर १२०; नंबर जेवढा मोठा तेवढं बारीक घासतं. उंचवटे फारच असतील तरच सिंगल रो, ते खातं जास्त.

दुसऱ्या दिवशी खट्‌ असा आवाज आला आणि ग्राइंडर हातात नाचायला लागला. व्हीलचा एक दात गायब. तो सापडला देवळीत, निरांजनाच्या शेजारी. माझ्या कानापासून वीतभर लांबून गेला असणार. दादा दारात उभा होता, एवढंच म्हणाला, "बघ."

काय बघ? मागाचे बोल्ट होते जमिनीत. ते कापले कोणी? दादानंच. अर्धं सूत वर ठेवून, त्यावर सिमेंटचा हात फिरवून मोकळा झालेला. लोखंडावर आपटलं की हिऱ्याचा दात तुटणारच. मग सोळाच्या सोळा बोल्ट शोधले, भोवती छिन्नीनं खणलं, कटिंग व्हीलनं खाली छाटले, खड्डे भरले, सुकू दिले. तुमच्याकडं माग नसतील, पण जुने पाइप, खिळे, सळीची टोकं आधी हात फिरवून शोधा.

धुळीचं मी हलक्यात घेतलं, ते मात्र चुकलंच. खिडकी उघडी ठेवली होती. शेजारच्या अण्णांच्या मागावर मरून रंगाच्या सुताचा ताणा लावलेला, तो दुपारपर्यंत पिठात लोळवल्यासारखा झाला. अण्णा जे बोलले ते तेलुगूत होतं, तरी शब्दन्‌शब्द कळला. ही धूळ सिलिकाची आहे, फुप्फुसात बसली की निघत नाही. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. दोन बाजूंना गोल फिल्टरचा रबरी मास्क घ्या, व्हीलवर धुळीचं कव्हर आणि त्याला बारीक धूळ धरणारा, फिल्टरचा व्हॅक्यूम. घरात झाडायचा व्हॅक्यूम लावू नका, जळतो.

कोणी म्हणेल पाणी मारून घासा. साध्या हाताच्या ग्राइंडरवर पाणी मारलं तर शॉक बसेल. पाण्याचं काम मोझॅक पॉलिशवाल्यांच्या मोठ्या मशीनचं, कार्बोरंडमच्या दगडांचं. खोली पूर्ण मोकळी असेल तर ती भाड्यानं आणणं खरं तर तुम्हाला सोपं पडेल, ग्राइंडर फक्त कोपऱ्यांना. आम्ही आणली नाही, कारण आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. आणि घासलेल्या सिमेंटचा ओला राडा गटारीत सोडला तर तिथंच दगड होऊन बसतो.

आता फोडण्याचं. फोडूनही टाइल आणि तिच्या खालचा माल कोब्यापेक्षा जाड झाला की जमीन वर येते, दारं खालून कापावी लागतात, उंबरा बुडतो, हे "फोडा" म्हणणाऱ्यांच्या हिशोबात कधीच नसतं. माझा कोबा आज पाय ठेवला की गार लागतो. मात्र एक आहे: हातोडीच्या दांड्यानं सगळीकडं ठोकून बघा. भदभद आवाज आला तर खाली पोकळ आहे, तिथं घासण्यात अर्थ नाही, तेवढा भाग फोडाच. आणि कोबा नवा असेल तर २८ दिवस हात लावू नका.

आमच्या खोलीत तीन काळे डाग आहेत, मागाचं तेल मुरलेलं. धुण्याच्या सोड्यानं चार वेळा धुतले, घासले, गेले. मे महिन्यात परत वर आले. दादा आला की त्यांच्याकडंच बघतो. मी त्याला म्हटलं, तेलकट जमिनीवर टाइलचा माल तरी कुठं धरला असता?

तो म्हणाला, "म्हणून तर फोडू म्हणत होतो."