माइनक्राफ्टमधून चौथी-पाचवीच्या मुलांना अवकाश शिकवता येईल का?

तुम्ही विचारलंय की माइनक्राफ्टसारख्या ठोकळ्यांच्या गेममधून प्राथमिकच्या मुलांना सूर्यमाला, चंद्र वगैरे खरंच शिकवता येतं का, की नुसता खेळच होतो. आणि शाळेत संगणक मोजकेच असतील तर काय करायचं. मी कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. गेली तीन वर्षं पाचवीच्या परिसर अभ्यासातले सूर्यमालेचे आणि पृथ्वीच्या फिरण्याचे धडे हा गेम हाताशी घेऊनच घेते. शिकवता येतं, अगदी नीट येतं. फक्त एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती कळायला माझं पहिलं वर्ष गेलं. मुलांना गेममध्ये अवकाश बांधायला सांगू नका. गेमच्या आकाशात काय चुकलंय ते शोधायला सांगा.

पहिल्या वर्षी मी "सूर्यमाला बांधा" एवढंच म्हटलं होतं. दोन आठवडे खपून मुलांनी फार देखणं काम केलं. पिवळा सूर्य, तांबडा मंगळ, शनीला कडं, सगळे एका ओळीत कबड्डीच्या संघासारखे शेजारी शेजारी उभे. बघायला येईल तो कौतुक करून गेला. नंतर चाचणीत मी विचारलं, पृथ्वी एक ठोकळा धरली तर चंद्र किती ठोकळ्यांवर? निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, चार. चूक त्यांची नव्हती. चार ठोकळ्यांवर चंद्र मीच त्यांच्याकडून बांधून घेतला होता, आणि हातानं बांधलेलं डोक्यात पक्कं बसतं. खरं उत्तर तीस आहे. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर, चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, भागून बघा.

दुसऱ्या वर्षी मी चंद्रापासूनच सुरुवात केली.

गेममधले सूर्य-चंद्र चौकोनी आहेत ही चूक मुलं पहिल्या मिनिटाला पकडतात, तिथं थांबू नका. माइनक्राफ्टमध्ये दिवस आणि रात्र मिळून वीस मिनिटांची असते. चंद्राच्या आठ कला आहेत, रोज एक बदलते. पण तो कायम सूर्याच्या बरोबर समोर असतो. सूर्य पश्चिमेला टेकला की हा पूर्वेला वर येणार, मग कोर असो की पूर्ण चंद्र. हे मी मुलांना सांगितलं नाही. वेळ पुढे ढकलायची एक आज्ञा आहे, टाइम अॅड म्हणून; तिला २४००० हा आकडा दिला की पुढच्या दिवशी त्याच वेळेला पोचता येतं. पौर्णिमेच्या दिवशी वर्गात गेममधल्या आठ रात्री ओळीनं दाखवल्या आणि चंद्र कधी उगवला, कसा दिसला एवढंच वहीत काढायला लावलं. घरी जाऊन खरा चंद्रही आठवडाभर तसाच काढायचा, असं सांगितलं.

पाचव्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच एक मुलगी वही घेऊन माझ्यासमोर उभी. "बाई, काल आजीची संकष्टी होती. मी आजीसंगं गच्चीवर बसलो होतो. नऊ वाजत आले तरी चंद्र नाही. गेममधला तर दिवे लागायच्या वेळंलाच येतोय की!" (आमच्याकडे मुलीही 'बसलो होतो'च म्हणतात.) तिच्या मागं उभा असलेला पोरगा म्हणाला, "म्हणजे गेममध्ये संकष्टी लवकर सुटती."

त्या दिवशी वेळापत्रकातला गणिताचा तासही मी यालाच दिला. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, कारण तेव्हा तो सूर्याच्या समोर असतो. पुढे रोज साधारण पन्नास मिनिटांनी उशीर होत जातो, म्हणून चतुर्थीला आजीला ताटकळावं लागतं. अमावस्येचा चंद्र तर सूर्याबरोबर उगवून सूर्याबरोबरच मावळतो. मग सूर्याच्या समोर असलेला चंद्र कोरीएवढा दिसेलच कसा? तो पूर्णच दिसायला हवा. इथं मुलांच्या मनातलं खरं बाहेर येतं. बहुतेकांना वाटत असतं की पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी-जास्त होतो. पालकसभेत विचारलं तेव्हा मोठ्या माणसांनीही हेच सांगितलं. ते ग्रहणाचं कारण, कलांचं नव्हे.

आणि मग बांधायला घेतलं. हे मात्र जरूर करा, पद्धत सविस्तर सांगते. सपाट जग घ्या, क्रिएटिव्ह मोड (हवे तेवढे ठोकळे मिळतात तो प्रकार) ठेवा. मधोमध तीन ठोकळ्यांचा खांब उभा करा. त्यावर उभं राहायचं, ती आपली पृथ्वी. तिच्याभोवती आठ दिशांना, तीस-तीस ठोकळ्यांवर, नऊ ठोकळे रुंदीचे आठ गोळे. अंतर प्रमाणात आहे, पण गोळे दिसावेत म्हणून फार मोठे केलेत. खऱ्या प्रमाणात चंद्र पाव ठोकळ्याएवढाच असता, हेही तेव्हाच सांगून टाका. सूर्य पूर्वेला फार लांब आहे असं धरायचं आणि आठही गोळ्यांची पूर्वेकडची अर्धी बाजू पांढऱ्या लोकरीची, उरलेली काळ्या लोकरीची करायची. इथं मुलं हमखास पांढरी बाजू मधल्या खांबाकडे करतात. करू द्यात, खांबावर चढल्यावर आठही चंद्र पौर्णिमेचेच दिसले की त्यांचं त्यांनाच कळतं. दुरुस्त करून पुन्हा खांबावर चढायचं आणि सावकाश एक गिरकी घ्यायची. पूर्वेचा गोळा काळाकुट्ट, मग कोर, उत्तरेचा अर्धा, पश्चिमेचा पांढराशुभ्र, पुन्हा अर्धा, पुन्हा कोर. गोळा एकही बदलला नाही, आपण कुठून बघतो ते बदललं. फळ्यावर हे चित्र मी पंधरा वर्षं काढत होते. वर्गातनं "ओह्ह" पहिल्यांदा त्या दिवशी ऐकलं.

दुसरी चूक कोल्हापूरकरांच्या अगदी घरची. गेममध्ये सूर्य रोज नेमका पूर्वेला उगवतो, दुपारी डोक्यावर येतो आणि नेमका पश्चिमेला मावळतो. तिथं ऋतूच नाहीत. आता आमच्या मुलांना अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव माहीत असतो. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. ढग-धूळ आडवी आली नाही तर पहिल्या दिवशी देवीच्या चरणांना, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात. मी मुलांना गेममध्ये पश्चिमेकडे दार असलेला साठ ठोकळ्यांचा सरळ बोळ बांधायला लावला आणि आतल्या टोकाला फक्त एक पिवळा ठोकळा ठेवला. देवळाची आणि मूर्तीची नक्कल करायची नाही असं आधीच ठरवलं होतं. संध्याकाळी त्या ठोकळ्यापाशी उभं राहिलं की दारात बरोबर सूर्य. दुसऱ्या दिवशीही. दहाव्या दिवशीही.

मग खऱ्या देवळात रोज का नाही?

याचं उत्तर संगणकावर मिळत नाही, गच्चीवर मिळतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर रविवारी, घरातल्या एकाच जागेवरून, सूर्य कशाच्या मागं मावळला ते कागदाच्या लांब पट्टीवर काढायचं. पाण्याची टाकी, नारळ, मोबाइलचा टॉवर, जे असेल ते. एका मुलाची पट्टी मी अजून जपून ठेवली आहे. त्यात सूर्य टॉवरच्या उजवीकडून डावीकडे जातो, नाताळाच्या सुमारास दोन रविवार जवळजवळ एकाच ठिकाणी घुटमळतो आणि जानेवारीत माघारी येतो. सूर्य माघारी वळतो त्या २१ डिसेंबरपासून मागं ४१ दिवस मोजले की १० नोव्हेंबर, पुढं ४२ दिवस मोजले की १ फेब्रुवारी. मुलांनी दिनदर्शिकेवर बोट ठेवून मोजलं. या दोन्ही तारखांना कोल्हापुरात सूर्य पश्चिमेच्या साधारण १८ अंश दक्षिणेला मावळतो. जाताना एकदा, येताना एकदा. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे धड्यातलं वाक्य त्यांनी तोवर पाठ केलं होतं. त्याचा देवळाच्या दाराशी काय संबंध ते आता कळलं. "मग उत्तरायण संक्रांतीला कसं?" असं कुणीतरी विचारतंच. पूर्वी सूर्याचं हे माघारी वळणं आणि संक्रांत जवळजवळ होती, पृथ्वीच्या आसाची दिशा फार सावकाश फिरते म्हणून शतकानुशतकं अंतर पडत गेलं, एवढं पाचवीला पुरतं.

तिसरा प्रयोग चालण्याचा. पृथ्वी एक ठोकळा, म्हणजे सूर्य १०९ ठोकळे रुंद आणि पृथ्वीपासून सुमारे ११,७४० ठोकळ्यांवर. १०९ ठोकळ्यांचा गोळा बांधायच्या भानगडीत पडू नका, जमिनीवर तेवढ्या लांबीची पिवळी रेघ आखा. तिथून निघायचं. उडायचं नाही, पळायचं नाही. गेममधला माणूस सेकंदाला ४.३ ठोकळे चालतो आणि कीबोर्डवरचं एफ-३ बटण दाबलं की कुठवर आलो तो आकडा दिसतो. बुधाची पाटी ४,५४० वर, शुक्राची ८,४९० वर. चार मुलांनी पाळीपाळीनं बटण दाबून धरलं. पस्तीस मिनिटांचा तास संपल्याची घंटा झाली तेव्हा शुक्र नुकताच मागं पडला होता आणि पृथ्वी अजून अडीच हजार ठोकळे लांब होती. मधल्या सुट्टीत कुणी जागचं हललं नाही. डबे तिथंच उघडले आणि पोचले एकदाचे, पंचेचाळीस मिनिटांत, एका एकट्या निळ्या ठोकळ्यापाशी. मागं वळून बघितलं तर काहीच नाही, नुसतं गवत. प्रकाशाला हेच अंतर कापायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात, म्हणजे या नकाशात तोसुद्धा सेकंदाला साडेतेवीस ठोकळेच जातो. एक ठोकळा म्हणजे एक मीटर, म्हणून घरी सांगायला सोपं जावं यासाठी मी म्हटलं: रंकाळ्यावर एक मीटरचा चेंडू ठेवला तर सूर्य साधारण जोतिबाच्या डोंगरावर. सरळ रेषेत तेवढंच भरतं.

गुरुत्वाकर्षणासाठी वेगळं काही बांधावं लागत नाही. झाडाचं खोड खालून तोडलं तरी शेंडा अधांतरी राहतो आणि वाळू मात्र खाली पडते. खरं काय व्हायला हवं यावर वर्ग आपणहून भांडतो. माइनक्राफ्टची 'जावा' नावाची संगणकावरची आवृत्ती, १.२०.५ किंवा पुढची, असेल तर खेळाडूपुरतं गुरुत्वाकर्षण बदलता येतं. मूळ आकडा ०.०८, चंद्रासाठी सहावा हिस्सा, म्हणजे ०.०१३ द्या. सव्वा ठोकळ्याची उडी पाच ठोकळ्यांवर जाते. सहापट का होत नाही? कारण गेमच्या चंद्रावर हवेचा अडथळा तसाच राहतो, आणि खऱ्या चंद्रावर हवाच नाही. ही चूक शोधून काढणाऱ्याला मी शाबासकी देते.

संगणकांचं म्हणाल तर आमच्याकडे पाच आहेत, मुलं बावीस. एका यंत्रावर चार-पाच जण: एक माऊसवर, एक कीबोर्डवर, बाकीचे वही आणि मोजणीवर, दर दहा मिनिटांनी बदल. वहीवाला नसेल तर तास खेळण्यातच जातो, हे अनुभवानं सांगते. शाळांसाठीच्या आवृत्तीला शाळेचं खातं आणि वर्षाचा परवाना लागतो. पैसे नसतील तर लुआंटी (पूर्वीचं माइनटेस्ट) हे तसंच ठोकळ्यांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रांवरही चालतं. चालण्याचा आणि लोकरीच्या गोळ्यांचा प्रयोग त्यातही करता येतो. पालक "शाळेतही मोबाइल-गेमच का?" म्हणतात. त्यांना मुलांच्या पट्ट्या आणि चंद्राच्या वह्या दाखवा.

आणखी एक, २३ ऑगस्टच्या राष्ट्रीय अंतराळ दिनासाठी. चंद्रयान-३ ला घेऊन गेलेलं एलव्हीएम-३ रॉकेट ४३.५ मीटर उंच आहे. तेवढेच ठोकळे उभे करायचे आणि शेजारी आपली शाळा मापानं बांधायची. आमची तीन मजली शाळा त्याच्या कमरेलाही लागली नाही.

सुरुवात मात्र चंद्रापासूनच करा, आणि पौर्णिमेच्या दिवशी. चौथ्या दिवशी संकष्टी येते, आणि वर्गात कुणाच्या तरी घरी उपास असतोच.